भाच्याचं पहिलं धनुष्य: दहा महिन्यांनंतर, मुख्यतः दोरीबद्दल

रविवारी भाच्याच्या धनुष्याच्या दोरीची मधली सर्व्हिंग (बाण अडकवतात तिथलं धाग्याचं गुंडाळण) उसवली, म्हणून लिहायला बसलो. ५४ इंची, १८ पौंड ताणाचं टेकडाउन रिकर्व्ह, म्हणजे सुटे भाग जोडायचं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य. लाकूड चांगलं आहे, मूठ अकरा वर्षांच्या हातात बसते. मला बोलायचंय ते दोरीबद्दल.

ऑक्टोबरात गोव्यात वाळपईला पार्सल आलं. पहिल्याच दिवशी दहा बाणांत पोराच्या मनगटावर निळा वळ उठला. आर्मगार्ड (हातावरचा संरक्षक पट्टा) बांधला तरी दोरी त्याच्या पुढे, तळव्याजवळ बसायची. विक्रेता फोनवर म्हणाला, "लहान मुलांना सुरुवातीला लागतंच." मी विश्वास ठेवला आणि दीड महिना, पोराचीच चूक समजून, त्याचं कोपर फिरवत बसलो. तोवर पोर बाण सोडताना डोळे मिटायला लागलं होतं. विक्रेत्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

शेवटी टेप लावली. मुठीपासून दोरीपर्यंत, म्हणजे ब्रेस हाइट, जेमतेम पाच इंच. सोबतच्या पत्रकात साडेसहा ते सात. दोरी ५१ इंच निघाली. रिकर्व्हला धनुष्यापेक्षा साधारण ४ इंच आखूड दोरी लागते. ३ इंच आखूड लागते ती लाँगबोला, म्हणजे टोकं न वळलेल्या लांब धनुष्याला. चुकीची दोरी पाठवली होती! तर विक्रेता म्हणे दोरीला वॉरंटी नाही. धनुष्याला साडेसहा हजार मोजून वर चारशेची ५० इंची डेक्रॉनची (थोडी ताणणाऱ्या धाग्याची) दोरी स्वतः घेतली. न ताणणारी महागडी दोरी मुद्दाम टाळली, तिच्या झटक्यानं साध्या धनुष्याची टोकं फुटू शकतात. दुसऱ्या दिवसापासून वळ बंद.

धनुष्य परत करायचं ठरवलं होतं, आता ते नाही. १८ पौंड जास्त होतील असं मी ताईला सांगितलं होतं, तेही चूक होतं. तो आकडा २८ इंच ओढीचा. हा ओढतो २३, हाताला बारा-तेराच पौंड येतात.

पावसाळ्यात मात्र जपावं लागतं. बाणांची पिसं भिजली की लोळतात, आणि शेल्फवरून (मुठीवरच्या, बाण टेकवायच्या खाचेवरून) मारताना प्लास्टिकची चालत नाहीत, आपटून बाण वाकडा जातो. दोरी उतरवून धनुष्य दोन खुंट्यांवर आडवं ठेवतो. कोपऱ्यात टेकवून ठेवलं तर पाती (धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन बाजू) पिळतात.

काजूच्या बागेत रानडुकरं येतात. "मामा, याला लागेल?" हे तो पहिल्या आठवड्यातच विचारून मोकळा झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, आणि एवढ्या ताणाचा बाण जनावराला नुसता जखमी करून सोडेल, हे दोन्ही सांगितलं. मग पेंढा भरलेल्या पोत्यावर डुक्कर रंगवलं, पुढच्या पायामागे वाटीएवढं वर्तुळ काढलं. अंतर न मोजता, उतारावर गुडघा टेकून मारायचं. बाण बाहेर गेला तर "जखमी झाला" असं तोच म्हणतो आणि दोन पावलं पुढे जातो.

नवी सर्व्हिंग त्यानंच गुंडाळली, नायलॉनच्या धाग्यानं. मी टोक धरलं होतं. दोरी चढवून टेपही त्यानंच लावली: पावणेसात.