सात महिने जीपीएसविना: तक्रार एकाच आकड्याची

बोगद्यात शिरलं की जीपीएस गेलं. म्हणून तपासणीच्या गाडीवर सात महिन्यांपूर्वी हे सहा अक्षांचं मेम्स मॉड्यूल बसवलं: चिपवरचे तीन त्वरणमापक आणि तीन गायरो, म्हणजे वळण्याचा वेग मोजणारे सेन्सर. त्यांवरून गाडीची जागा काढायची. वायरिंग, आउटपुटचा वेग, सॉफ्टवेअर, सगळं ठीक. तक्रार गायरोच्या बायसची आहे, म्हणजे काहीच वळत नसताना तो दाखवतो त्या खोट्या वेगाची.

डेटाशीटच्या पहिल्याच पानावर बायस इन्स्टॅबिलिटी, म्हणजे हा बायस किती डळमळतो, ठळक छापलेली. हा आकडा ॲलन व्हेरियन्सच्या (किती वेळाची सरासरी घेतली की मोजमाप किती डळमळतं, त्याच्या) आलेखातल्या सर्वांत खालच्या जागेवरून काढतात, तोही एकाच तापमानात तासन्‌तास न हलवलेल्या सेन्सरचा. माझं मॉड्यूल टेबलावर ठेवून नुसती फुंकर मारली तरी स्क्रीनवरचं हेडिंग, म्हणजे तोंड कुठल्या दिशेला आहे ते, सरकतं. थंड असताना सुरू केलं, तर पहिली वीस मिनिटं एकाच दिशेला वाहत राहतं.

याला किरकोळ म्हणू नका. गायरोत तासाला 10 अंशांची चूक राहिली की मॉड्यूलला आडवं काय तेच नीट कळत नाही. गुरुत्वाकर्षणाचा थोडा भाग ते गाडीचं त्वरण समजतं आणि मिनिटभरात जागा सुमारे 17 मीटरने चुकते. दोन मिनिटांत आठपट, कारण चूक वेळेच्या घनात वाढते.

कंपनीला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा एकच उत्तर: मर्यादेत आहे. परत पाठवायच्या बेतात होतो. मग लॉग पाहताना दिसलं, मोटर चालली की ड्रिफ्ट, म्हणजे हे वाहत जाणं, वाढतो. मॉड्यूल मीच मोटर ड्रायव्हरला (मोटर चालवणाऱ्या सर्किटला) चिकटून बसवलं होतं. जागा बदलली, खाली मऊ रबर घातलं, ड्रिफ्ट निम्म्याहून कमी झाला. तेवढा राग मागे घेतो. पण तापमानागणिक बायस किती बदलतो, हे शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, तेही 'टिपिकल', म्हणजे नुसतं सर्वसाधारण, हमी नसलेलं म्हणून छापायचं? तोच तर कामाचा आकडा!

आता दर तीस सेकंदांनी गाडी दोन सेकंद थांबवतो. थांबली म्हणजे वेग शून्य, एवढ्या एका माहितीवर कालमन फिल्टर (अंदाज आणि मोजमाप यांचा मेळ घालणारं गणित) वेगात साठलेली चूक पुसून टाकतो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा 400 मीटरची फेरी संपवून गाडी खडूच्या खुणेवर आली आणि स्क्रीनवर फरक होता दोन मीटर. मी तीच फेरी लगेच पुन्हा मारली. एकदा वाहून गेलेलं हेडिंग मात्र थांबून परत येत नाही, आणि भोवती एवढं लोखंड असताना होकायंत्रावर विसंबता येत नाही.

प्रकाशावर चालणारा, कितीतरी स्थिर असा फायबर ऑप्टिक गायरो परवडत नाही, म्हणून हेच ठेवलंय. वीस मिनिटं तापू देतो, मगच आत नेतो. कंपनीला चौथं पत्र गेलंय: माझ्याच मॉड्यूलचा, त्याच्या सिरियल नंबरसकट, तापमान आणि बायसचा तक्ता पाठवा.