पदवी लांबतेय: कमी विषय घ्यावेत की वर्षभर थांबावं?

चार वर्षांची पदवी पाचव्या वर्षात जाणार, हे एका विद्यार्थिनीला कळून चुकलंय. तिचा प्रश्न एवढाच: दर सत्राला कमी विषय घेत रेटत राहू, की वर्षभर रीतसर रजा घेऊन परत येऊ?

आधी वेळ. क्रेडिट म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवून दिलेलं वजन. १२० क्रेडिटची पदवी ८ सत्रांत संपवायची तर दर सत्राला १५ लागतात. १२ घेतले की १० सत्रं, म्हणजे पाच वर्षं. रजा घेऊन पुढे १५चा वेग धरला तरी पाचच. कागदावर बरोबरी. खरी गोम विषयांच्या साखळीत आहे. गणिताचा पहिला भाग सुटल्याशिवाय दुसरा मिळत नाही, आणि तो वर्षातून एकदाच शिकवत असतील तर एका विषयापायी अख्खं वर्ष जातं. म्हणून कमी करायचेच तर ऐच्छिक विषय कमी करा, साखळीतला कधीच नाही.

खर्चात शुल्काची पद्धत बघा. ते सत्रावर असेल तर कमी विषय महाग पडतात, क्रेडिटवर असेल तर नाही. शिष्यवृत्तीला किमान क्रेडिटची अट आहे का, रजेत कर्जाचे हप्ते सुरू होतात का, हे लेखी विचारून घ्या.

रजेनंतर परतणं मात्र जड जातं. सवय मोडते, सोबतचे पुढे गेलेले असतात.

नोकरी किंवा घरची जबाबदारी सांभाळून शिकणाऱ्यांनी कमी विषय घ्यावेत. आजारपण असेल, झोप उडाली असेल, पुस्तक उघडताच छाती धडधडत असेल, तर रजाच घ्या. फक्त परतीची तारीख अर्जातच लिहा.