अमेरिकन ज्यूरी, गंगापूर रोडवर : 2500 रुपयांची कार्यशाळा

नाशिक कोर्टात 11 वर्षं फौजदारी चालवतोय. अमेरिकेत ज्यूरी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवणारे 12 सामान्य नागरिक, यांच्यासमोर खटला कसा चालवतात हे लुटुपुटूच्या खटल्यातून शिकवणारी ही कार्यशाळा. उलटतपास आता कोण नव्याने शिकवणार, अशा तोऱ्यात गेलो होतो. शिकवला, आणि चांगलाच शिकवला.

तिकडची शिस्त अशी की एका प्रश्नात एकच गोष्ट, उत्तर 'हो' किंवा 'नाही'. लुटुपुटूच्या खटल्यात मी बचावाला होतो, केस चोरीची. "गल्लीत दिवा नव्हता?" "नव्हता." "तुम्ही 20 फुटांवर होता?" "होते." इथेच खाली बसायचं. मी सवयीने विचारलं, "मग ओळखलं कसं?" साक्षीदार झालेली पोरगी म्हणाली, "चालीवरून. रोज बघते त्याला." ज्यूरीतल्या एका निवृत्त बाईंनी चष्मा पुसला, आणि पुढे अर्धा तास माझ्याकडे पाहिलंच नाही. आपल्याकडे असलं उत्तर डिपोझिशनमध्ये, म्हणजे साक्षीच्या नोंदीत, टाइप होतं आणि युक्तिवादाला आपण ते सावरून घेतो. 12 माणसांसमोर तशी सोय नाही.

आयोजकांनी ज्यूरीला खरीखुरी माणसं आणली होती: ओझरचा द्राक्षबागायतदार, पंचवटीचे रिक्षावाले काका, कॉलेजची पोरं. पण त्यांच्या निवडीला वेळ किती? 20 मिनिटं! सरकार पक्षाच्या वकिलाने काकांना कारण न देता काढलं. मला डोळा मारून म्हणाला, "रिक्षावाले पोलिसांवर खार खाऊन असतात." प्रशिक्षक म्हणाले, चालतं. चालतं हे खरं, पण अमेरिकेतलं निम्मं भांडण तिथेच आहे. वंश पाहून ज्यूरर काढता येत नाही, हे तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या 1986 च्या बॅटसन निकालाने ठरलं. तरी मिसिसिपीत कर्टिस फ्लॉवर्सवर एकाच सरकारी वकिलाने सहा वेळा खटला चालवला आणि काढता येण्यासारख्या 42 कृष्णवर्णीय उमेदवारांपैकी 41 काढले. त्याला झालेली शिक्षा त्याच कोर्टाने 2019 मध्ये रद्द केली. या सगळ्याला एक स्लाइड, तीही जेवण आलं म्हणून पुढे ढकलली. तिथे बहुतेक शिक्षा गुन्हा कबूल करून होतात, ज्यूरी बसतच नाही, यावर तर चकार शब्द नाही.

चहाला काका भेटले. म्हणाले, "वकीलसाहेब, 20 फुटांवरून अंधारात चाल? आमच्या गल्लीत तसं चालणारी चार पोरं आहेत." मला हवा होता तो ज्यूरर मागच्या खुर्चीवर बसून होता. आत बसलेल्या 12 जणांनी एकमताने माझ्या आशिलाला दोषी धरलं.

नानावटी खटल्याला मात्र पाऊण तास. बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याला मुंबईच्या ज्यूरीने 8 विरुद्ध 1 ने निर्दोष ठरवलं, हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे. नाशिकमध्ये बसून जॅक्सन खून खटल्याचं, म्हणजे अनंत कान्हेरेंनी इथल्याच इंग्रज कलेक्टरला मारलं त्या खटल्याचं, नावही नाही, आणि तो तर ज्यूरीशिवाय चालला होता.

जेवण बरं, पार्किंगची बोंब. ज्युनिअरला जरूर पाठवा. पहिल्या दिवशी तासभर उशिरा पोचला तरी हरकत नाही, नानावटीच चालू असेल.