थर्मल मोनोक्युलर घ्यायचंय? आधी लेन्स बघा, डब्यावरचे मीटर नंतर

जळगावच्या यावल-रावेर पट्ट्यात हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी थर्मल आहे, म्हणजे अंधारात जनावराची गरमी दाखवणारी एका डोळ्याची दुर्बीण. रात्रीची लाईट, मक्यात डुकरं, हरभऱ्यात रोही (नीलगाय), त्यात कुणीतरी ग्रुपवर बिबट्याचा मेसेज टाकतो आणि मग माणूस म्हणतो जाऊ द्या, घेऊनच टाकू एकदाचं. मी घेतलंय ते ३८४ बाय २८८ पिक्सेल सेन्सरचं, १९ एमएम लेन्सवालं, आणि सगळी रब्बी त्याच्यासोबत काढली. कंपनीचं नाव टाकत नाही कारण या रेंजमधली यंत्रं थोड्याफार फरकाने सारखीच, खरा फरक आकड्यांत राहतो आणि ते आकडे दुकानदार सांगत नाही.

सगळ्यात मोठी गोची डब्यावरच्या मीटरची. माझ्यावर ९०० मीटर छापलेलं आहे. हे खोटं नाही, पण त्याचा अर्थ एवढाच की १.८ मीटर उंचीचा माणूस ९०० मीटरवर असेल तर "तिथं काहीतरी गरम आहे" इतकं कळेल. माणूस आहे की वासरू ते नाही. याचा हिशोब घरीच करता येतो. आजकाल बहुतेक सेन्सरचा पिक्सेल १२ मायक्रॉनचा असतो, तर १२० ला लेन्सच्या एमएमने भागायचं, जे उत्तर येईल तितके सेंटिमीटर १०० मीटरवर एका पिक्सेलमध्ये बसतात. १० एमएमची स्वस्तातली लेन्स म्हणजे १२ सेंटिमीटर, माझी १९ ची म्हणजे साधारण ६, आणि ३५ ची म्हणजे साडेतीनच्याही आत. आता डुक्कर खांद्याला पाऊण मीटर धरा. ३०० मीटरवर १० च्या लेन्समध्ये ते दोन पिक्सेल उंच दिसणार, माझ्यात चार, ३५ मध्ये सात. दोन पिक्सेलमध्ये काय ओळखणार भो? आणि झूम दाबला तर तेच दोन ठिपके मोठे होतात, नवीन काही दिसत नाही, कारण तो झूम डिजिटल असतो.

मग सरळ ३५ घ्यावी का, तर तसंही नाही. ३८४ च्या सेन्सरवर ३५ लावली की १०० मीटरवर फक्त १३ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, १९ मध्ये २४ मीटर. केळीच्या बागेच्या कडेला, नाल्यात, बांधावर सगळा खेळ शे-दीडशे मीटरच्या आतला असतो, तिथं अरुंद लेन्स घेऊन फिरवत बसलं की मान दुखते आणि जनावर बाजूने निघून जातं. तापीकाठच्या मोकळ्या काळ्या रानात दादर (रब्बी ज्वारी) किंवा हरभरा असेल तर मात्र ३५ ला तोड नाही. ६४० चा सेन्सर घेतला की रुंदीही मिळते आणि लांबचंही दिसतं, पण मग किंमत ऐकून घरचे बोलतात.

एनईटीडी नावाचा एक आकडा असतो, मिलिकेल्विनमध्ये, जितका कमी तितकं बारीक तापमान पकडतो. थंडीत ५० वाला आणि २५ वाला यात एवढा फरक जाणवत नाही, पाऊस पडून गेल्यावर किंवा धुकं असताना जाणवतो, कारण तेव्हा माती, पानं, दगड सगळं एकाच तापमानाला येतं आणि चित्र राखाडी होऊन बसतं. रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते, २५ हर्ट्झच्या खाली घेऊ नका, ९ हर्ट्झची जुनी मॉडेलं पळतं जनावर अडखळत दाखवतात.

आता आपल्याकडचा खरा प्रॉब्लेम, उन्हाळा. डिसेंबरात हे यंत्र असं काम करतं की पैसे वसूल वाटतात, काळ्या पडद्यावर पांढरं शुभ्र डुक्कर, कान वेगळे, पाय वेगळे. तेच मे महिन्यात, भुसावळकडे पारा ४५ ला गेलेला असताना रात्री आठला डोळ्याला लावा, बांधावरचे दगड, पत्र्याचं शेड, डांबरी रस्ता सगळं जनावराइतकंच गरम, सगळंच पांढरं. ते विझायला मध्यरात्र उलटावी लागते. उन्हाळ्यात पहाटे चारला वापरा, संध्याकाळी काढूच नका.

आणि हे आरपार बघत नाही. लोकांना वाटतं एक्स-रे आहे. केळीचं एक पान मधे आलं की मागचं गायब, बागेत आत बसलेलं डुक्कर दिसणारच नाही, ते बाहेर यायची वाट बघावी लागते. गाडीची काच वर असेल तर बाहेरचं काही दिसत नाही, काचेत तुमचाच चेहरा दिसतो, कारण ही लांब लहरीची उष्णता काच अडवते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, साप. साप स्वतःची गरमी धरत नाही, जमिनीच्याच तापमानाला असतो, त्यामुळे पाणी भरायला जाताना थर्मल गळ्यात आहे म्हणून टॉर्च आणि गमबूट घरी ठेवू नका. बिबट्या लांबून कळेल, पायाखालची घोणस नाही कळणार.

एका रात्री नाल्याच्या कडेला बुटका पांढरा ठिपका बसलेला, हलेना. डुक्कर म्हणावं तर एकटं, कुत्रं म्हणावं तर फार वेळ गप्प. तेवढ्यात ठिपक्याच्या वरच्या अंगाला एक बारीक टिंब असं भडकलं की बाकीचं चित्र क्षणभर काळवंडलं. विडी! शेजारच्या मळ्यातला रखवालदार उकिडवा बसून विडी ओढत होता. म्हणून सांगतो, हे शोधायचं यंत्र आहे, ओळखायचं नाही. बाहेरच्या देशांत जिथं रानडुकरांची शिकार कायदेशीर आहे तिथलेही जाणते शिकारी हेच पाळतात, नुसता गरम ठिपका बघून कधीच गोळी घालायची नाही.

आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने वनखात्याच्या परवानगीशिवाय शिकार बंद आहे आणि हातात थर्मल आलं म्हणून ससा-काळवीट करायला निघणाऱ्यांनी जेलची तयारी ठेवावी. डुकरं-रोह्यांनी पीक खाल्लं तर वनखात्यात अर्ज करा, पंचनामा करून घ्या. माझा वापर एवढाच, शेतात उतरायच्या आधी बांधावरून एक चक्कर बघायची, कळप कुठून शिरतोय ते हेरायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या बाजूला कुंपणाची तार घट्ट करायची. यावल अभयारण्यात रात्री घुसून मिरवायचं खूळ तर डोक्यातूनच काढा.

पक्ष्यांवाल्यांसाठी थोडं. रातवा रस्त्याच्या कडेला मातीत बसला की टॉर्चने शोधून सापडत नाही, थर्मलमध्ये लगेच. पण जात नाही सांगता येत, पिसं गरमी आत धरतात, बाहेर फक्त तोंडाकडचा भाग उजळ, रंग-ठिपके काहीच नाही. सातपुड्याचा रानपिंगळा, तोच जो संपला असं समजून चाललेले आणि १९९७ ला शहाद्याकडे परत सापडला, त्याच्यासाठी हे घेऊ नका, तो दिवसा फिरणारा घुबड आहे, त्याला साधी दुर्बीण बरी.

एक फुकटचा फायदा, पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरची पेटी उघडून चार-पाच पावलांवरून बघा (फोकस त्यापेक्षा जवळचा बसत नाही), ढिला जोड बाकीच्यांपेक्षा उजळ दिसतो. माझी एक केबल अशीच जळता जळता वाचली.

घेताना दुकानात एसीमध्ये बघून भुलू नका, तिथं सगळीच यंत्रं भारी दिसतात. दुकानदाराला म्हणा संध्याकाळी बाहेर नेऊन दाखव. मला ज्याने विकलं त्याने "बॅटरी दहा तास" सांगितलं होतं, प्रत्यक्षात थंडीत निम्म्याच्या थोडी वर जाते आणि ती आत बसवलेली, बदलता येत नाही, फोन केला तर आता उचलत नाही. म्हणून १८६५० (गोल लिथियम) सेलवालं, बदलता येणारं मॉडेल बघा, दोन सेल खिशात टाकले की रात्र निघते. अधूनमधून आतलं शटर "टक" करून चित्र गोठतं, तो बिघाड नाही, सेन्सर स्वतःला जुळवून घेत असतो. स्क्रीनचा उजेड एकदम कमी ठेवा नाहीतर ज्या डोळ्याने बघाल त्याला नंतर दहा मिनिटं अंधारात काही सुचत नाही. सूर्याकडे चुकूनही धरू नका, सेन्सरवर कायमचा डाग पडतो. लेन्स जर्मेनियमची असते, मळणीची धूळ बसली तर शर्टाच्या टोकाने पुसू नका, फुंकणीने उडवा. आणि पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर सिरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.