गिटलॅबची फुकट ऑनबोर्डिंग यादी : छोट्या कंपनीच्या एचआरने वापरून पाहिलेली

ऑनबोर्डिंग म्हणजे नव्या माणसाला कंपनीत रुळवणं, आणि ही त्यासाठीच्या कामांची यादी. निकाल आधीच सांगते : घ्या. पैसे पडत नाहीत, आणि एचआर सॉफ्टवेअरवाले डेमोत जे दाखवतात त्यापेक्षा यात डोकं जास्त घातलेलं आहे. फक्त जशीच्या तशी घेऊ नका. निम्मी कापा आणि आपल्याकडची भर घाला. काय कापायचं, काय घालायचं, एवढ्यासाठीच हे लिहितेय.

मी एका लहान सॉफ्टवेअर कंपनीचं एचआर बघते. कागदोपत्री पत्ता कोथरूडचा, पण तिथे आता एक खोली, दोन कपाटं आणि टपाल घेणारे काका एवढंच उरलंय. माणसं इस्लामपूर, चाळीसगाव, कुडाळ अशी पसरलेली. मी स्वतः सांगलीत. नवा माणूस रुजू झाला की आमच्याकडे कुरिअरने लॅपटॉप जायचा, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फुलांचे गुच्छ पडायचे, एक झूम कॉल व्हायचा आणि मग सगळं गपगार. ऑफिसात बसणारा माणूस शेजारच्या टेबलावरचं ऐकून निम्मं काम शिकतो. कुठला क्लायंट चिडका आहे, रजेचा अर्ज खरं तर कोणाकडे टाकायचा, साहेब कधी मूडमध्ये असतात. घरी बसलेल्याच्या कानावर यातलं काहीच पडत नाही, पडल्या तर कुकरच्या शिट्ट्या.

गिटलॅब ही प्रोग्रॅमर मंडळींना माहीत असलेली कंपनी, सॉफ्टवेअरचा कोड ठेवायची आणि त्यावर मिळून काम करायची ऑनलाइन जागा पुरवणारी. २०११ मध्ये युक्रेनमध्ये सुरू झालेल्या एका ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पातून ती उभी राहिली आणि २०२१ मध्ये नॅसडॅक या अमेरिकेतल्या शेअर बाजारात आली, तेही सगळी माणसं आपापल्या घरून काम करत असताना. साठाहून जास्त देशांत लोक, आणि कंपनीचं ऑफिस असं कुठेच नाही. त्यामुळे जे आपण चहाच्या टपरीवर सांगतो ते त्यांना लिहूनच काढावं लागलं. त्यातून त्यांचं हँडबुक झालं. छापलं तर दोन हजारांहून जास्त पानं भरतील एवढं, आणि बरंचसं कोणालाही वाचायला खुलं. नव्या माणसासाठीची ऑनबोर्डिंग यादी हा त्यातलाच एक भाग.

यादीची रचना साधी आहे. रुजू होण्याआधीची कामं वेगळी. मग पहिला दिवस : खाती उघडणं आणि कागदपत्रं. दुसऱ्या दिवशी घरून काम करायचं म्हणजे नेमकं कसं आणि कंपनीची मूल्यं काय, तिसऱ्या दिवशी सुरक्षा, चौथ्या दिवशी ओळखीपाळखी आणि सोयीसवलती, पाचव्या दिवशी गिट, म्हणजे फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. पुढचे आठवडे फिरून बघायला. कामापुढे चौकोन आहे, काम झालं की टिक करायची.

यात नवल काय, असं वाटेल. खरी गंमत चौकोनात नाही, कोणाचा चौकोन आहे त्यात आहे. मॅनेजरची कामं वेगळी, एचआरची वेगळी, बडीची, म्हणजे नव्या माणसाला सोबत म्हणून दिलेल्या सहकाऱ्याची वेगळी, नव्या माणसाची वेगळी. आमच्या जुन्या एक्सेल शीटमध्ये ‘सर्व्हरचा अ‍ॅक्सेस देणे’ असं लिहिलेलं होतं. कोणी देणे? मराठी व्याकरणाची ही सोय फार धोक्याची आहे, कर्ता नसला तरी वाक्य पूर्ण होतं. नवा मुलगा बिचारा तीन जणांना विचारत बसायचा आणि प्रत्येकाला वाटायचं दुसऱ्याने दिला असेल. आता प्रत्येक ओळीपुढे माणसाचं नाव आहे आणि यादी सगळ्यांना दिसते. मॅनेजरचे चौकोन रिकामे राहिले की मला फोन करावा लागत नाही, त्यांनाच लाज वाटते.

दुसरी आवडलेली गोष्ट पाचव्या दिवसाची. तिथे हिशेब बघणाऱ्या माणसालाही गिट शिकून टीमच्या पानावर स्वतःची माहिती स्वतः घालावी लागते. म्हणजे आल्या आल्या कंपनीच्या कागदाला हात लावायची सवय. आम्ही गिटची सक्ती केली नाही, पण एक नियम उचलला : पहिल्या आठवड्यात आपल्या माहितीच्या फाइलमधली किमान एक चूक शोधून दुरुस्त करायची. सपोर्टला आलेल्या कुडाळच्या मुलीने व्हीपीएनच्या (घरून कंपनीच्या नेटवर्कला सुरक्षित जोडायच्या सोयीच्या) सगळ्या पायऱ्या नव्याने लिहिल्या, कारण आमचे स्क्रीनशॉट जुन्या व्हर्जनचे होते आणि जुन्या लोकांना ते वर्षानुवर्षं दिसलेच नव्हते. नव्या डोळ्यांचा हा फायदा फार थोडे दिवस मिळतो.

आता कात्री. मूळ यादी हजारो माणसांच्या कंपनीसाठी आहे, आपल्या नव्या माणसाला ती बघूनच धाप लागेल. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे नियम, वेगवेगळ्या देशांसाठीची कामं, आपण कधी ऐकली नाहीत अशी टूल्स : सगळं उडवा. दुसरं म्हणजे यादी गिटलॅबवरच चालवायची तर त्यांच्या मोफत प्लॅनमध्ये खासगी ग्रुपला पाचच माणसं चालतात. आम्ही मजकूर गूगल शीटमध्ये नेला. दिसायला गबाळं आहे, पण अकाउंट्सच्या काकूंना उघडता येतं.

आणि भर. पीएफ यात कुठून असणार? फॉर्म ११ (आधीच्या पीएफ खात्याची माहिती देणारा), आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, पॅन आणि आधारवरच्या नावाचं स्पेलिंग जुळतंय का हे बघणं, सगळं ‘रुजू होण्याआधी’मध्ये टाका. पहिलीच नोकरी असेल तर आणखी एक. ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) सरकारच्या उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून काढायचा असतो, आणि हे लांबून आपण त्याच्या वतीने करू शकत नाही. मागच्याच बॅचमध्ये एकाचा चेहरा अ‍ॅपला पटेना, तेव्हा त्याच्या बहिणीने अंगणात उजेडात नेऊन उभा केला. दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागतेच. त्या कायद्यातल्या कामाच्या जागेच्या व्याख्येत राहतं घरही येतं. समितीत कोण आहे आणि तक्रार कुठे पाठवायची, हे पहिल्या दिवसाच्या ओळींत हवं. भिंतीवर बोर्ड लावायला आपल्याकडे भिंतच नाही.

इन्व्हर्टरबद्दलही विचारा. वीज गेली तर कोणाला कळवायचं हे ठरलेलं नसेल तर पोरं गाडी काढून रेंज शोधत फिरतात आणि आपल्याला वाटतं झोपली असतील.

बडीची कल्पना चांगली आहे, पण निवड जपून करा. आपल्याकडे बडी म्हणून सगळ्यात सीनियर माणूस द्यायची हौस असते. मग नवा मुलगा ‘सर, फ्री आहात का?’ एवढंच लिहितो आणि उत्तराची वाट बघत दुपार घालवतो. वर्षाच्या आत आलेला, शक्यतो त्याच पट्ट्यातला माणूस द्या. गिटलॅबवाले नव्या माणसाला सहकाऱ्यांशी कॉफी चॅट, म्हणजे नुसत्या गप्पांचे कॉल, ठरवायला सांगतात. आमच्याकडे पहिल्या दोन कॉलना दोन्हीकडून हवापाण्याच्या पलीकडे गाडी सरकली नाही. मग आम्ही कॉलला काम जोडलं : बडीने स्क्रीन दाखवून आपलं रोजचं एक तिकीट (म्हणजे नोंदवलेलं काम किंवा तक्रार) सोडवायचं, नव्याने बघायचं. तोंडं आपोआप उघडली. कंपनीच्या सगळ्यांच्या चॅट चॅनेलवर मराठीत विचारलेलं चालेल, हे मात्र मालकांनी स्वतः लिहायला हवं. मी लिहिलं तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही. त्यांनी स्वतः एक प्रश्न मराठीत टाकला, त्या दिवसापासून खासगीत येणारे मेसेज कमी झाले.

पाचपेक्षा कमी माणसं असतील तर या भानगडीत पडू नका, फोन करा. वर्षातून दोन-तीन जण तरी लांबून रुजू होत असतील तर एक शनिवार काढून यादी तयार करा. बसताना मॅनेजरला सोबत घ्या, कारण सगळ्यात जास्त चौकोन त्याच्याच नावावर येतात आणि ते त्याने आधी बघितलेले बरे. पाचपैकी चार तारे. एक कापलाय तो लांबीसाठी.