नळाच्या तोंडाची जाळी: कुठला एरेटर घ्यावा आणि कुठल्या नळाला लावावा

स्वयंपाकघरातल्या सिंकच्या नळासाठी पितळी एरेटर घ्या, डोळे झाकून घ्या. तोच एरेटर न्हाणीघरात बादली भरायच्या नळाला मात्र लावू नका. या दोन वाक्यांत निम्मं परीक्षण संपलं. उरलेलं निम्मं तुमचं घर कितव्या मजल्यावर आहे, यावर अवलंबून आहे, आणि दुकानदार तो प्रश्न सहसा विचारतच नाही.

ठाणे-नवी मुंबईच्या हार्डवेअरच्या दुकानांत या वस्तूला कुणी एरेटर म्हणतं, कुणी फोम फ्लो, कुणी नुसतीच जाळी. नळाच्या तोंडाशी आट्यांवर बसणारी ही छोटी डबी. आत वरच्या बाजूला बारीक जाळी, तिच्याखाली भोकांची चकती. चकतीतून पाणी वेगाने निघतं तेव्हा बाजूच्या फटींतून हवा आत ओढली जाते आणि पाण्यात मिसळते. म्हणून धार पांढरट, जाड आणि मऊ दिसते, अंगावर उडत नाही, आणि पाणी निम्मं असूनही हाताला धार भरलेली लागते. भांड्यावरचा साबण निघायला तेवढी पुरते.

आता मजल्याचा मुद्दा. खोक्यावर ‘मिनिटाला ८ लिटर’ किंवा ‘मिनिटाला ३ लिटर’ असं छापलेलं असतं. हा आकडा सहसा ३ बार दाबाला मोजलेला असतो. ३ बार म्हणजे ३० मीटर उंच पाण्याचा दाब. गच्चीवरच्या टाकीतून पाणी येतं तिथे नळाचा दाब टाकी किती उंच आहे यावरच ठरतो: १० मीटरला साधारण १ बार, एका मजल्याला ०.३ बार. वाशी-नेरुळकडच्या चार मजली जुन्या इमारतीत वरच्या मजल्याच्या नळापासून टाकीचं पाणी तीन-साडेतीन मीटर वर असतं. म्हणजे दाब ०.३ बार, खोक्यावरच्या दाबाचा दहावा हिस्सा. दाब दहापट घटला की प्रवाह दहापट घटत नाही, वर्गमुळाच्या हिशोबाने साधारण तिपटीने घटतो. त्यामुळे ८ लिटरचा साधा एरेटर तिथे अडीच लिटरच्या आसपास देतो. तळमजल्यावर, टाकीच्या पाण्यापासून १२ मीटर खाली, तोच एरेटर ५ लिटर देतो. आणि ३ लिटरचा एरेटर सगळ्यात वरच्या मजल्यावर लावला तर मिनिटाला एक लिटरही धड येत नाही. ‘जाळी लावली आणि पाणीच बंद झालं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. वस्तू चांगली असते, माप चुकलेलं असतं.

घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या उंच टॉवरमध्ये गणित उलटं. तिथे खालच्या मजल्यांवर दाब नको इतका होतो म्हणून लाइनवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवतात, आणि सगळ्यात वरच्या मजल्यांना बऱ्याचदा प्रेशर पंप असतो. अशा घरात नळ पूर्ण उघडला की मिनिटाला १२-१५ लिटर पाणी सुटू शकतं. तिथे आत ओ-रिंग असलेला, दाब वाढला तरी प्रवाह वाढू न देणारा प्रकार घ्यावा. त्यातली लवचिक रिंग दाब वाढला की फुगून भोकं आवळते. दाब १ बारच्या खाली असेल तर या रिंगेचा फायदा नाही, तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

दाब मोजायला यंत्र लागत नाही. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली घ्या, नळ पूर्ण उघडा, ती किती सेकंदांत भरते ते मोबाइलवर मोजा. ६० ला सेकंदांनी भागलं की मिनिटाचे लिटर मिळतात. ५ सेकंद म्हणजे १२ लिटर, १० सेकंद म्हणजे ६, २० सेकंद म्हणजे ३. जुनी जाळी असेल तर ती काढून मोजा. ६ सेकंदांच्या आत भरली तर कुठलाही एरेटर चालेल आणि पाणी चांगलं वाचेल. ६ ते १० मध्ये ८ लिटरचा साधा घ्या. १० च्या वर गेली तर पाणी वाचवण्यासाठी एरेटर घेण्यात अर्थ नाही, तुमचा नळ आधीच कमी पाणी देतो आहे. फक्त उडणारी धार सरळ करायची असेल तर मोठ्या भोकांची साधी जाळी लावा.

दुकानात तीन प्रकार हमखास दिसतात.

पहिला, फेसाळ धारेचा साधा एरेटर. पितळी अंगाचा, क्रोम केलेला, साधारण शंभर ते अडीचशे रुपयांत. आतला प्लास्टिकचा गाभा निघतो, वेगळाही विकत मिळतो. सिंक आणि बेसिन दोन्हीला हाच सगळ्यात चांगला. प्लास्टिकच्या अंगाचा तीस-चाळीस रुपयांत मिळतो, पण पितळी नळाच्या आट्यांत तो एकदा तिरपा गेला की त्याचे आटे कापले जातात आणि कडेने पाणी झिरपत राहतं. एवढ्यासाठी पितळी घ्या.

दुसरा, मान फिरणारा, दोन धारांचा. खालची कड फिरवली की फेसाळ धारेची शॉवरसारखी धार होते. भांडी विसळायला ही शॉवरची धार खरोखर उपयोगी आहे: पसरते, ताटाचा सगळा पृष्ठभाग एका फेरीत धुते, पालेभाजीतली माती सुटते. पण दोन अडचणी आहेत. सिंक उथळ असेल तर शिंतोडे ओट्यावर येतात. सहा इंच खोल सिंकला नकोच, आठ-नऊ इंचांना ठीक. आणि फिरणारा सांधा हा त्याचा कच्चा दुवा आहे. रोज ओढाताण झाली की आतली रिंग झिजते आणि सांध्यातून थेंब पडू लागतात. घेताना मान हलवून बघा: खडखड वाजत असेल तर ठेवून द्या, थोडी घट्ट फिरणारी चांगली. धातूचा सांधा आणि वेगळी मिळणारी रिंग, हे दोन्ही असेल तरच जास्तीचे पैसे द्यावेत.

तिसरा, धुक्यासारखे तुषार सोडणारा. पाणी नव्वद टक्क्यांहून जास्त वाचतं असा दावा खोक्यावर असतो. नुसते हात ओले करायला दावा पटेल, पण तेलकट कढई, पिठाची परात, साबणाचे हात यांना वजनदार धार लागते. ती नसली की माणूस तिप्पट वेळ नळाखाली उभा राहतो. कमी दाबाला तर तुषार होतच नाहीत, नुसते थेंब गळतात. ऑफिसच्या बेसिनला ठीक, घरच्या सिंकला नको.

मापाकडे वळू. नळाच्या तोंडाला आटे बाहेरून असतील तर बहुधा २२ मिलिमीटरचा, आतून आटे असलेला एरेटर लागतो. नळाचे आटे आतून असतील तर २४ मिलिमीटरचा, बाहेरून आटे असलेला. मोजपट्टी नीट बसत नसेल तर आट्यांभोवती (नळाचे आटे आतून असतील तर जुन्या जाळीच्या आट्यांभोवती) कागदाची पट्टी गुंडाळून खूण करा: ६.९ सेंटिमीटर भरली तर २२ चा, ७.५ भरली तर २४ चा. सगळ्यात बिनचूक मार्ग म्हणजे जुनी जाळी काढून खिशात घालून दुकानात जाणं. नवीन बेसिनच्या काही नळांत जाळी आत लपलेली असते, बाहेरून पकडायला जागाच नसते. तिला प्लास्टिकची छोटी चावी लागते, ती नळाच्या कंपनीचीच मागा. स्क्रूड्रायव्हरने उचकटली तर कड तुटते. आणि ज्या साध्या बिब कॉकला, म्हणजे भिंतीतून निघणाऱ्या साध्या नळाला, आटेच नाहीत, त्याला रबर आणि क्लिपने आवळायची जोडणी विकतात, ती घेऊ नका. दाब आला की निसटते. त्यापेक्षा नळ कधी बदलाल तेव्हा आट्यांचा घ्या.

बसवायला प्लंबर नको. जुनी जाळी हाताने डावीकडे फिरवा. फिरवायची दिशा खालून बघून ठरवा, वरून पाहिलं की उलटी वाटते. निघाली नाही तर कापड गुंडाळून पान्हा लावा, नाहीतर क्रोमवर दातांच्या खुणा उठतात. क्षाराने घट्ट बसली असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत पांढरं व्हिनेगर घेऊन ती नळाच्या तोंडाला रबर बँडने अडकवा, अर्ध्या-पाऊण तासाने सुटते. नवीन एरेटर लावण्याआधी नळ दहा सेकंद उघडा ठेवून लाइनमधला कचरा जाऊ द्या. वॉशर जागेवर सपाट बसला आहे ना ते बघा, मग हाताने आवळा आणि शेवटचा पाव फेरा कापडाने. टेफ्लॉन टेप लावू नका. इथे पाणी आटे अडवत नाहीत, वॉशर अडवतो. टेपमुळे डबी पुरती वर जात नाही आणि वॉशर दाबलाच जात नाही, मग गळतं.

नळ बंद केल्यावर काही सेकंद थेंब पडतात, ते डबीत अडकलेलं पाणी. थेंब त्यापुढेही पडत राहिले तर दोष नळाच्या आतल्या वॉशरचा किंवा स्पिंडलचा, म्हणजे नळ फिरवला की फिरणाऱ्या आतल्या दांड्याचा. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाला जवळपास २० लिटर जातं. एरेटरवर पैसे घालण्याआधी ते दुरुस्त करून घ्या.

चोंदण्याबद्दल जरा सविस्तर, कारण लोक जाळी काढून फेकतात ते यामुळे. नवी मुंबई महापालिकेचं पाणी मोरबे धरणातून येतं, ठाण्याचं भातसा आणि बारवीकडून. हे धरणाचं पाणी क्षाराला बऱ्यापैकी हलकं. त्यामुळे अशा घरात जाळीत सापडतो तो मुख्यतः गाळ, वाळू आणि जुन्या लोखंडी पाइपचा गंज. हा कचरा तीन वेळा जोरात येतो: जून-जुलैत पाणी गढूळ होतं तेव्हा, शटडाऊननंतर पुरवठा परत सुरू होतो तेव्हा, आणि सोसायटीची टाकी धुतल्यावर. टाकी धुण्याची सूचना लागली की त्या दिवशी एरेटर काढून ठेवा, पाणी आल्यावर नळ मिनिटभर सोडा, ते पाणी बादलीत धरून फरशीला वापरा, मग परत लावा. याने निम्म्या तक्रारी मिटतात.

टँकरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. ते बोअरचं असेल तर क्षार जास्त, आणि जाळीवर पांढरा थर बसतो. तो ब्रशने निघत नाही. वॉशर आणि ओ-रिंग काढून बाजूला ठेवा, कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व विरघळवा, गाभा त्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा आणि नळाखाली उलटा धरून धुवा, म्हणजे खडे आले त्याच वाटेने बाहेर पडतात. धरणाच्या पाण्याला तीन महिन्यांनी, टँकरच्या पाण्याला महिन्याने. संडास धुवायचं अ‍ॅसिड वापरू नका, क्रोम उडतं आणि पितळ काळं पडतं. सुईने भोकं कोरू नका, भोक मोठं झालं की धार तिरकी जाते.

बादलीच्या नळाला नकार का, तेही सांगायला हवं. बादलीला २० लिटर लागतात ते लागतातच. एरेटर लावून पाणी वाचत नाही, फक्त वेळ वाढतो: मिनिटाला ३ लिटरने ती बादली भरायला जवळपास सात मिनिटं. वॉशिंग मशीनच्या नळाचं तसंच, शिवाय तिथे पाणी वेळेत भरलं नाही की मशीन थांबून चूक दाखवतं. गॅस गिझरवर चालणाऱ्या नळालाही नको, प्रवाह ठरावीक पातळीखाली गेला की बर्नर पेटत नाही किंवा मधेच विझतो. आणि नळातच पाणी तापवणारा विजेचा नळ किंवा तोंड उघडं ठेवायचा गिझर असेल तर त्याच्या तोंडाला एरेटर कधीच लावू नका. पाणी अडलं की आत दाब साठतो, आणि ते उपकरण दाबासाठी बनवलेलं नसतं. हे धोक्याचं आहे.

बचत किती? सिंकचा नळ दिवसात २० मिनिटं चालतो असं धरा. ८ लिटरच्या जागी ५ लिटर झाले तर दिवसाला ६० लिटर वाचतात. एका घराच्या पाणीपट्टीत हा फरक फारसा दिसणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. तो दिसतो टाकीत आणि टँकरच्या पावत्यांत. ८० घरांच्या सोसायटीत हेच रोजचे ४,८०० लिटर, म्हणजे दोन दिवसांना १० हजार लिटरचा जवळपास एक टँकर. शिवाय तेवढं पाणी तळटाकीतून गच्चीवर चढवायची वीजही वाचते.

सोसायटीने एकदम घ्यायचे ठरवलं तर सगळ्यांना एकाच मापाचे ८० नग मागवू नका. आधी सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या मजल्यावर, प्रत्येक विंगमध्ये एकेका घरात बाटली भरून सेकंद मोजा. टाकीच्या लगतच्या दोन-तीन मजल्यांना साधी मोठ्या भोकांची जाळी, मधल्यांना ८ लिटरचा, खालच्यांना ओ-रिंगवाला ५ लिटरच्या आसपासचा. दुकानदाराला सांगा: पितळी, गाभा निघणारा, वॉशरसकट, आणि प्रत्येक दहा नगांमागे एक जादा गाभा.