बंद पडलेला गेम ‘चालू करून देतो’ म्हणाला आणि माझे 6,848 रुपये गेले

आकडा आधीच सांगून टाकतो. डिस्क आणि कुरिअरचे 1,450. ‘नव्या सर्व्हरचा पास’ 2,999. परत मिळणार म्हणून भरलेलं डिपॉझिट 1,500. कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन) व्हेरिफिकेशनच्या नावाखाली 899. एकूण 6,848 रुपये, सगळे यूपीआयने, माझ्याच हाताने पिन टाकून.

मी अमळनेरला एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो. कापसाची गाडी आली की काटा पावती दोनदा तपासल्याशिवाय पेमेंट सोडत नाही. अशा माणसाला कुणीतरी गंडवलं हे लिहायला हात धजत नव्हता, म्हणून इतके दिवस गेले. पण गप्प बसून त्या माणसाचंच फावतं.

गेम म्हणजे ‘द क्रू’. 2014 च्या डिसेंबरमधला गाड्यांचा गेम. अख्खी अमेरिका लहान करून त्यात बसवलेली, न्यूयॉर्कहून निघायचं आणि थेट लॉस एंजेलिसपर्यंत गाडी हाकत जायचं. माझा धाकटा भाऊ सुरतला कपड्याच्या मार्केटमध्ये आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तो तिकडेच अडकला, रेल्वे बंद, आई इकडे रडायची. तेव्हा रोज रात्री दहाला आम्ही दोघं त्या गेममध्ये भेटायचो. शर्यत लावायचोच असं नाही, नुसत्या दोन गाड्या बरोबरीने चालवत घरच्या गप्पा मारायचो. पुढे आईच्या दवाखान्याच्या वेळी मी सगळ्या डिस्क विकून टाकल्या. त्याचं तेव्हा काही वाटलं नव्हतं, नंतर फार वाटलं.

31 मार्च 2024 ला त्या गेमचे सर्व्हर बंद झाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा गेम एकट्याने खेळायचा म्हटला तरी सर्व्हर लागतो, म्हणजे इंटरनेटवरून जोडला जाणारा कंपनीचा कॉम्प्युटर. सर्व्हर गेला की डिस्क म्हणजे नुसतं प्लास्टिक. डिसेंबर 2023 मध्येच बंदची घोषणा होऊन ऑनलाईन विक्री थांबली होती, पण बाजारात गेलेल्या डिस्क बाजारातच राहिल्या. त्याच आता असल्या लोकांच्या हातात आहेत.

मला हे माहीत नव्हतं असं नाही, माहीत होतं. पण सप्टेंबर 2025 मध्ये वाचलं की चाहत्यांनी स्वतःचा सर्व्हर बनवून गेम पुन्हा चालू केलाय. ही बातमी खरी आहे. खोटं निघालं ते तिच्या आडून मला विकलेलं सगळं. तो सर्व्हर फक्त पीसीसाठी आहे आणि फुकट आहे. माझ्याकडे पीएस4, म्हणजे प्लेस्टेशन 4 कन्सोल. बातमीचं शीर्षक वाचलं आणि खाली उतरलोच नाही, एवढी चूक मला मान्य आहे.

दिवाळीला भाऊ येणार होता. मनात आलं, त्याला न सांगता गेम लावून ठेवू, भाऊबीजेच्या रात्री दोघं बसू. टेलिग्रामवर जुने गेम विकणाऱ्या एका ग्रुपमध्ये जाहिरात दिसली: ‘सीलपॅक डिस्क, नव्या सर्व्हरवर चालू करून मिळेल, पीएस4 पण.’ माणूस मराठी बोलणारा, जळगावचाच आहे म्हणाला, वाक्यावाक्याला ‘भाऊ’ म्हणायचा. आपल्याकडचा माणूस म्हणून मी सैल पडलो. 1,450 भरले आणि चौथ्या दिवशी डिस्क खरंच आली. सील शाबूत. इथेच विश्वास बसला. डिस्क खरी द्यायची, मग पुढचे पैसे खोट्या गोष्टीचे घ्यायचे, ही त्याची पद्धत आहे. वस्तू हातात आली म्हणजे माणूस खरा, असं कुणी समजू नका.

डिस्क लावली. सर्व्हरशी जोडता येत नाही, असा मेसेज. तो म्हणाला, पास घ्यावा लागेल, मग मी डीएनएसचे (मशीनने इंटरनेटवर सर्व्हरचा पत्ता कुठे विचारायचा ते सांगणारे) दोन आकडे देतो, ते सेटिंगमध्ये टाका. आता सांगा, यात संशय यावा असं काय होतं? डीएनएस बदलून बंद पडलेले गेम चालतात हे खरंच आहे. निन्टेन्डोने 20 मे 2014 ला ‘वी’ या आपल्या कन्सोलची ऑनलाईन सेवा बंद केली, तरी ‘मारिओ कार्ट वी’ लोक वीमफी नावाच्या चाहत्यांच्या सर्व्हरवर आजही खेळतात. मी वाचलेलं होतं, म्हणूनच फसलो. काहीच न वाचलेल्या माणसाने उलट सरळ विचारलं असतं, अरे बाबा, पैसे कशाचे? कारण तिकडे कुणी पैसे घेत नाही. चाहत्यांच्या सर्व्हरचा पास विकणारा, ॲक्टिव्हेशन विकणारा, व्हीआयपी जागा विकणारा दिसला की तिथूनच मागे फिरा.

आता ज्या क्षणावर मी रोज रात्री अडकतो तो सांगतो. 2,999 भरायच्या आधी मी पुरावा मागितला होता. मागितला होता! त्याने बेचाळीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. तोच नकाशा, त्याच गाड्या, मायामीचा तोच रस्ता. बघून घसा दाटून आला. त्या व्हिडिओत खाली कोपऱ्यात ‘एंटर’ लिहिलेलं बटण दिसत होतं. एंटर! पीएस4 वर तिथे फुली, गोल, त्रिकोण दिसतात. एंटर असतं कीबोर्डला. व्हिडिओ पीसीचा होता. शेकडो तास मी तो गेम खेळलोय, ती फुली माझ्या डोळ्यांना पाठ आहे. मी व्हिडिओ तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा त्या कोपऱ्याकडे पाहिलंच नाही, रस्ता बघत बसलो.

दुसरी गोष्ट त्याहून लाजेची. डिस्कचे पैसे एका पुरुषाच्या नावावर गेले, पासचे कुठल्या ट्रेडर्सच्या, डिपॉझिटचे एका बाईच्या. पिन टाकायच्या आधी नाव स्क्रीनवर येतं. एकच व्यवहार आणि तीन खाती. जिनिंगमध्ये कुणी असं करून आणलं असतं तर मी कागद तोंडावर फेकला असता. विचारलं तर म्हणाला, “वहिनीचं खातं आहे भाऊ, माझी लिमिट संपली.” आणि मी मानलं. 899 परत त्या ट्रेडर्सलाच गेले.

मग त्याने आणखी 4,999 मागितले आणि फोनवर स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला सांगितलं. तेवढ्यात बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. ती म्हणाली, “आता एक रुपयाही नाही.” तिच्यामुळे बँक खातं वाचलं. स्क्रीन शेअर ॲप म्हणजे घराची किल्ली, कुणी मागितली तर फोनच बंद करा.

यानंतर जे झालं त्याने जास्त जीव जळला. बँकेत गेलो, तर दिवाळीची गर्दी. साहेब म्हणाले, पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार. फ्रॉडची नोंद तरी घ्या म्हटलं, तर अर्ज आणा. अर्ज नेला, तर झेरॉक्स आणा. मग सुट्ट्या लागल्या. पोलीस ठाण्यात गेलो, तर समोरच्याने पहिला प्रश्न विचारला: “या वयात गेम?” शेजारचे दोघं हसले. मी चोरीची तक्रार द्यायला आलोय की माझ्या वयाचा दाखला द्यायला? मग म्हणे, तुम्ही गेम विकत घेतला, गेम आला, यात फसवणूक कुठे, हा दिवाणी मामला आहे. मी सांगितलं, खोटी गोष्ट दाखवून पैसे काढले, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 यासाठीच आहे. उत्तर आलं, सहा हजारांसाठी एफआयआर करत बसलो तर झालंच. कायद्यात कुठे लिहिलंय की दहा हजारांखालची फसवणूक चालते? मग जिल्ह्याच्या ठिकाणी जा म्हणाले. दिवसाचा पगार बुडवून गाडीने जळगावला गेलो. तिथे सांगितलं, तुमच्याच ठाण्यातून पत्र आणा. ठाण्यात परत गेलो, तर म्हणाले, पत्र देणारे साहेब रजेवर आहेत. दोन फेऱ्या, दोन खाडे, आणि हातात एक पोच. ज्याने लुबाडलं तो ग्रुपमध्ये त्याच दिवशी दुसऱ्या गेमची जाहिरात टाकत होता. स्क्रीनशॉट दाखवला, कुणी मान वर करून पाहिलं नाही.

तुम्ही माझ्यासारखे तीन दिवस लाजत बसू नका. कळल्याच्या मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा, पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता येतात, नंतर नाही. यूटीआर नंबर, म्हणजे पावतीवरचा व्यवहाराचा नंबर, लिहून ठेवा. चॅट डिलीट करू नका. मी रागात अर्धं केलं आणि पुरावा घालवला. वस्तू किंवा सेवेत फसवलं असेल तर ग्राहक हेल्पलाईन 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही. पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो, आणि माझ्याकडे त्याची फक्त खोटी नावं आहेत.

आणि जुनी डिस्क घ्यायच्या आधी नुसतं एवढं शोधा की या गेमचा सर्व्हर चालू आहे का. ‘ऑनलाईन आवश्यक’ असं डब्यावर बारीक अक्षरांत असतं. माझ्या डब्यावरही होतं. युरोपात सर्व्हर असे बंद करण्याविरुद्ध दहा लाखांवर लोकांनी सह्या केल्यात, ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ याच गेमवरून उभी राहिली. त्या लोकांच्या मेहनतीच्या नावावर इथे हे लुटारू दुकान मांडून बसलेत, याचा संताप पैशांपेक्षा मोठा आहे.

भाऊ भाऊबीजेला आला. टीव्हीखाली डिस्क पाहिली आणि त्याला सगळं कळलं. “भाऊ, माले आधी इचारं का नही?” एवढंच म्हणाला. त्याच्या लॅपटॉपवर फुकट चालू झालं असतं, तो म्हणाला. त्या रात्री आम्ही काहीच लावलं नाही.

चाळीसगाव आणि शिरपूरच्या दोघांनी मला कळवलंय की त्यांचेही पैसे त्याच ट्रेडर्सच्या खात्यात गेलेत, एकाचे 2,999 आणि दुसऱ्याचे 4,498. तुमच्याही पावतीवर ‘ट्रेडर्स’ दिसत असेल आणि पैसे बंद गेमच्या पासचे असतील, तर यूटीआर आणि तारखेसह मला सांगा. येत्या सोमवारी मी एकत्र तक्रार घेऊन परत जळगावला जाणार आहे. सहा हजारांसाठी त्यांना वेळ नव्हता, तीन तालुक्यांची पावत्यांची फाईल टेबलावर ठेवल्यावर काय म्हणतात ते बघतो.